पहिल्या किकची गाडी

नानांची स्कूटर पहिल्या किकला सुरू व्हायची आणि हे ऐकवायला नानांना कुणीही चालायचं. "गाडी हात ओळखते!" असं म्हणत ते मिशीवर ताव द्यायचे. आज मात्र किक मारून मारून त्यांच्या पायात गोळे आले. कालच्या भांडणापासून बायकोने अबोला धरला होता, त्याचाही राग बिचाऱ्या स्कूटरवरच निघत होता.

त्यांनी प्लग काढून पाहिला. ठिणगी चांगली पडत होती, पण प्लग कोरडा ठणठणीत. टाकी भरलेली असून पेट्रोल खाली येत नव्हतं. शेवटी त्यांनी वाकून टाकीखालचा कॉक पाहिला, तर तो बंद!

"हा कुणी बंद केला? मी जन्मात कधी याला हात लावलेला नाही!"

"म्हणून तर रोज संध्याकाळी मी बंद करते," बायको दारातून म्हणाली. "नाहीतर रात्रभर पेट्रोल गळतं. सकाळी तुमचे मोजे घालून होईपर्यंत उघडूनही ठेवते. आज नाही उघडला."

नानांनी कॉक उघडला, जरा थांबून किक मारली. स्कूटर पहिल्याच किकला सुरू झाली. सवयीने त्यांचा हात मिशीकडे गेला आणि अर्ध्यातूनच खाली आला.