शुक्रीचा मुका हात

कोसबाडच्या टेकडीखालच्या वाडीत म्हणायचे, शुक्रीच्या उजव्या हातात चिकूसुद्धा खोटं बोलत नाही. ती तोडलेल्या चिकूंच्या ढिगाशी निवडायला बसायची, तोंडाने गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची, आणि हात आपला चालू. अंगठा एकदा सालीवरून फिरला की झालं. भुकटी झडून साल गुळगुळीत लागली तर तयार, म्हणजे पिकत घालण्याजोगा; खरखर चिकटून असली तर कच्चा. बघायची गरजच नाही. नव्या बायका एकेक चिकू डोळ्यांसमोर धरून न्याहाळायला लागल्या की ती म्हणायची, "अगो, चिकू निवडायचाय, नवरा नाही."

आणि दोन हजार सोळाच्या दिवाळीनंतर एका सकाळी भाकरी थापता थापता बाई चुलीपाशीच कलंडली. मेंदूत रक्ताची गाठ, डॉक्टर म्हणाले. पाय सावरला, वाकडं झालेलं तोंड सरळ झालं आणि बोलणं तर पहिल्यापेक्षा वाढलं. उजवा हातही हलायला लागला, पण मुका. काही धरलं तरी धरल्यासारखं वाटेना. डोळे मिटले की हात आहे की नाही, तेही कळेना.

ढिगावरची जागा धाकट्या जावेला, पुतळीला मिळाली. शुक्रीला पाला झाडायला लावलं. पाला झाडण्यात वाईट काही नाही, पण जिने ढिगावर राज्य केलं तिला विचारा. एकदा तिने हट्टाने डोळे फाडफाडून निवडून बघितलं, तर तयार मालात ढिगाने कच्चे निघाले. मुकादम रविंद्र म्हणाला, "मावशी, राहू दे आता." मायेने म्हणाला, म्हणून जास्त लागलं. तिला जागा हवी होतीच, पण त्याहून जास्त अंगठ्याखालची ती खरखर परत हवी होती.

कासाच्या दवाखान्यात हातापायाचे व्यायाम शिकवणारी जयश्री म्हणून एक मुलगी होती. तिने शुक्रीचे डोळे ओढणीने बांधले आणि बोटाला पेन्सिल टेकवली.

"कळलं?"

"नाही."

"कुठल्या बोटाला लावली?"

"कळलंच नाही तर सांगू कुठून? डोकं फिरलंय का तुझं, ताई?"

"तरी सांगा. ठोकून द्या काहीतरी."

शुक्रीने वैतागून ठोकून दिलं. करंगळी. मग अंगठा. मग मधलं. ओढणी सुटली तेव्हा जयश्री हसत होती. बहुतेक सगळी बरोबर आली होती.

"स्पर्श तुमच्या मेंदूपर्यंत पोचतोय, मावशी," ती म्हणाली. "मेंदू त्याची दखलही घेतोय. पण 'मला लागलं' असं तुम्हाला कळायचं तर मेंदूच्या बऱ्याच भागांनी मिळून ती गोष्ट उचलून धरावी लागते. तिथे गाडं अडलंय. सगळं काम डोळ्यांनीच केलंत तर हात आळशी होईल. डोळे बांधा, हाताला काम द्या. परत कळेलच अशी हमी देत नाही मी, पण वाट बंद झालेली नाही."

परतीच्या जीपमध्ये शुक्री हाताकडे डोळे वटारून बघत बसली. लबाडाला सगळं कळतंय आणि मालकिणीला पत्ता नाही. राग आला तिला, आणि हायसंही वाटलं. हात मेला नव्हता, नुसता घुम्या झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती रविंद्रपुढे उभी राहिली. "एक ढीग दे मला. डोळे बांधून निवडते. चुकले तर जन्मभर पाला झाडीन, तोंडातून शब्द काढणार नाही."

"ते शेवटचं तुला जमायचं नाही, बाय," पुतळी म्हणाली. बायका खोखो हसल्या. रविंद्रने डोकं खाजवलं आणि ढीग दाखवला.

डोळ्यांवर फडकं बांधून ती बसली. चिकू हातात आला म्हणे, तिला कुठे काय लागतंय? मूठ रिकामीच वाटत होती. ती घाबरली, खरंच घाबरली. विचार करून ठरवायला जावं तर हात मध्येच थबकायचा. मग तिला आठवलं, ठोकून द्यायचं. "पुतळे, तुझ्या भावाच्या लग्नात बैल मांडवात घुसला होता, ती गोष्ट सांगते, ऐक," म्हणत तिने तोंड सोडलं, आणि मागोमाग हातही सुटला. गोष्ट संपली तेव्हा ढीगही संपला होता.

तिने तयार म्हणून काढलेले चिकू पेंढ्यात पिकत घातले. आता ते पिकेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता, कारण कच्चा चिकू लगेच चुगली करत नाही, मागाहून सुरकुततो. तोवर शुक्री गाणी म्हणत पाला झाडत होती. पुतळी म्हणाली, "बघा, आत्तापासूनच जिंकलीय."

पेंढा काढला. रविंद्र एकेक चिकू दाबून बघत गेला. मऊ होता, पुढचाही मऊ होता. तळाशी थोडे सुरकुतलेले निघाले, पण तेवढे तर कुणाच्याही ढिगात निघतात. पुतळी आपणहून उठली. "बस, बाय. माझे डोळे दुखायला लागलेच होते."

शुक्री बसली, रोज डोळे बांधूनच. जागा मिळाली, पण मूठ अजून रिकामीच होती. ते तिने फक्त पुतळीला सांगितलं. "काम या हाताचं आणि नाव माझं. मला यातलं काही मिळत नाही गो." पुतळीने पुढची टोपली ओढून दिली.

शिमगा जवळ आला होता. शुक्री कुणाच्या तरी सुनेची गोष्ट रंगवून सांगत होती, आणि ऐन रंगात गप्प झाली. पुतळी तिच्याकडे सरकली. "बाय, काय होतंय?"

"अंगठ्याला खरखरलं."

"काय खरखरलं?"

शुक्रीने फडकं वर सारून हाताकडे बघितलं. हातात काहीच नव्हतं. चिकू कधीच कच्च्यांच्या टोपलीत जाऊन पडला होता. हाताने निवाडा करून टाकला होता, तिला बातमी मागाहून पोचली होती. तिने त्या टोपलीतला वरचाच चिकू उचलला, डोळे मिटले आणि सालीवरून अंगठा फिरवला. खरखर होती, पुसट, पण होती. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"कच्चाय ना तो?" पुतळीने हळूच विचारलं.

"कच्चाच आहे," शुक्री म्हणाली, आणि तो तिने घरी न्यायला पदरात बांधला.