निरोगी नऊजणी

फिनलंडमधल्या तुर्कूच्या त्या प्रयोगशाळेत इर्मेलीचा हात एकतीस वर्षं चालत होता. त्या हाताने नळीत कधी थेंब कमी टाकला नव्हता की जास्त. निदान तिचं म्हणणं तसं होतं, आणि ते खोडून काढायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे सोमवारच्या बैठकीत प्राध्यापक ऑस्मोने पडद्यावर चौथ्या नमुन्यापुढे 'तंत्रज्ञाची चूक' असं लिहिलेलं दाखवलं, तेव्हा बाकीच्यांनी आपापल्या कॉफीच्या कपात डोळे घातले.

झालं होतं असं. स्तनाचा कॅन्सर हाताला लागायच्या आधी रक्तावरून ओळखायची चाचणी ही मंडळी सहा वर्षं घडवत होती. गाठीतून डीएनएचे बारीक तुकडे सुटून रक्तात येतात, ते मोजायचे. रुग्णांच्या रक्तात ते सापडले पाहिजेत आणि निरोगी बायकांच्या रक्तात सापडता कामा नयेत, एवढंच. रुग्ण इस्पितळातून मिळत होते. निरोगी बायका शोधत कोण हिंडणार, म्हणून त्याच मजल्यावरच्या पन्नाशी ओलांडलेल्या नऊजणींनी एकेक नळी रक्त दिलं. त्यांत इर्मेलीही होती. नळ्यांवर नुसते आकडे. कुठला आकडा कुणाचा, ते एका बंद पाकिटात, आणि पाकीट नीतिसमितीच्या हुकमाने हिल्काच्या कपाटात. हिल्का म्हणजे कार्यालय सांभाळणारी, इर्मेलीची जुनी मैत्रीण, आणि नऊजणींतली एक. आता आठ नळ्या गप्प होत्या आणि चौथी बोलत होती.

"रुग्णाच्या नळीतला थेंब उडाला असेल गं," ऑस्मो म्हणाला. "एवढ्या वर्षांत एकदा व्हायचंच."

"माझा थेंब उडत नाही."

"मग काय, आपल्यातल्या एकीला कॅन्सर आहे म्हणतेस?"

"मी नाही म्हणत. तुझी चाचणी म्हणतेय. सहा वर्षं तिला बोलायला शिकवलंस आणि ती बोलायला लागल्यावर कानांत बोटं घालतोयस."

इर्मेलीने ती नळी आणखी तीनदा तपासली. तीनदा तेच. ऑस्मो म्हणाला, म्हणजे नळीच बाटलेली आहे, आणि ती भरलीस तूच.

पाकीट इर्मेलीच्या खुर्चीपासून चार पावलांवर होतं. ते उघडावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. ही सगळी माणसं बर्फात, रिकाम्या रस्त्यावर, लाल दिव्यापुढे मुकाट उभी राहणारी. समितीचं पाकीट समितीच उघडणार, आणि समिती बसणार फेब्रुवारीत. तोवर इर्मेलीने चुकीचा शिक्का कपाळावर घेऊन हिंडायचं होतं, आणि तिला ते मुळीच मान्य नव्हतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला खात्याची मेजवानी झाली. रिवाजाप्रमाणे आधी बायका सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, बसल्या, नऊच्या नऊ, अंगावर चिंधी नाही, घामाने निथळत. इर्मेली वरच्या बाकावरून एकेकीकडे बघत होती.

"शेवटचा मॅमोग्राम कुणी कधी काढला?" तिने विचारलं.

हिल्काने तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं.

"सरकारी तपासणीचं पत्र आलं होतं मला," एक म्हणाली. "फ्रीजवर लावलंय."

"मलाही. पण त्या आठवड्यात नेमका अहवाल द्यायचा होता."

"कसला अहवाल?"

"वेळेवर तपासणी न करणाऱ्या बायकांवरचा."

वाफेत सगळ्याजणी खुसुखुसु हसल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. नऊपैकी पाचजणींनी बोलावणी चुकवली होती.

"आणि तू गं?" हिल्काने विचारलं.

इर्मेलीने दोन पत्रं चुकवली होती. तिथली फोटो काढणारी बाई नुसतं काम उरकते, असं तिचं मत होतं. "माझं मागून बघू," ती म्हणाली. "आधी तुम्ही जा. सगळ्याजणी. माझ्यासाठी."

गेल्या बिचाऱ्या. ज्यांची सरकारी वेळ हुकली होती त्यांनी ती पुन्हा मागून घेतली, बाकीच्या खासगीत गेल्या. मग एकेकीचा निकाल यायला लागला. स्वच्छ. ज्या दिवशी जिचा निकाल येई त्या दिवशी ती वेलची घातलेला पाव भाजून आणी आणि सगळ्यांना वाटी. इर्मेलीही खाई, आणि उरलेल्या किती ते मोजत असे. सहावीचा निकाल स्वच्छ आला तेव्हा तिचा चेहरा पडला. सातवीचा आला तेव्हा ती उठून हात धुवायला गेली. आठवी हिल्का. हिल्का पळत आली, तिच्या गळ्यात पडली, आणि हिल्काच्या पाठीवरून हात फिरवताना इर्मेलीच्या मनात आलं, मेली हीसुद्धा निरोगी निघाली. त्याची तिला इतकी लाज वाटली की ती दुपारी डोकं दुखतंय सांगून घरी गेली.

आता उरली एकटी तीच. एक तर तिचा हात बाटलेला होता, नाही तर ती स्वतः.

त्या यंत्राच्या थंड पट्ट्यांमध्ये छाती दाबली गेली तेव्हा तिने देवाकडे मागणं मागितलं. माझा हात स्वच्छ निघू दे, एवढंच. काम उरकणाऱ्या बाईने ते बिलकूल उरकलं नाही. चार वेळा फोटो काढले.

"सात मिलिमीटर," सुईने तुकडा काढून तपासल्यावर तरुण डॉक्टरीणबाई म्हणाली. "कॅन्सरच आहे, पण फार लवकर सापडला. हाताला तर काहीच लागत नाही. तुम्हाला शंका आली कशी?"

"मोजला होता," इर्मेली म्हणाली.

ती बसमध्ये बसली. तीन थांबे येईपर्यंत ती खूश होती. ऑस्मोला काय सांगायचं, कुठल्या शब्दांत, हे ती जुळवत होती. चौथ्या थांब्यावर तिला रडू फुटलं. शेजारच्या माणसाने फिनिश सभ्यतेला अनुसरून खिडकीबाहेर बघितलं.

दुसऱ्या दिवशी तिने ऑस्मोच्या खोलीत जाऊन कागद टेबलावर ठेवला. त्याने वाचला, आणि सहा वर्षांत दिसला नव्हता असा त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे चाचणी चालते," तो म्हणाला. "सात मिलिमीटर, इर्मेली. कुणाला खरं वाटणार नाही. आणि निदानाच्या आधीचं रक्त आपल्याकडे आहे. ऑपरेशननंतर दर तीन महिन्यांनी देशील ना? तुकडे परत दिसायला लागतात का, ते..." मग आपण काय बोलतोय ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. "माफ कर."

"देईन. आधी ती 'चूक' खोड."

ऑस्मो खुर्चीत चुळबुळला. "पाकीट उघडल्याशिवाय चौथी नळी तुझीच, हे कसं लिहू? समिती फेब्रुवारीत. तोवर कागदावर तू निरोगी नऊजणींतलीच."

"ऑपरेशन बावीस जानेवारीला आहे."

"हो." त्याने कागद तिच्याकडे सरकवला. "खरं सांगू? तू निरोगी निघावीस, असं मला मनापासून वाटत होतं."

"मला नव्हतं वाटत," इर्मेली म्हणाली. तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, पण दाराशी जाऊन ती थांबली.

"आता वाटतंय."