शिडी आमचीच

कोर्टातल्या तडजोडीच्या खोलीबाहेर भाच्याने पुन्हा बजावलं. तो घरचाच वकील. "आत्या, तोंडाला कुलूप! शिडीवर आपला शिक्का नाही, रंगाऱ्याकडे पावती नाही. 'आमची नाही' एवढंच म्हणायचं. नाहीतर कारखान्याला टाळं लागेल."

"तुझ्या तोंडालाही लाव की कधी कुलूप," म्हातारी म्हणाली. नवऱ्यामागे रंधा हातात घेऊन तिने तो शिड्यांचा कारखाना उभा केला होता. मांडीवर नातू झोपलेला, शेजारी सून.

आत रंगारी बसला होता, हात गळ्यात बांधलेला. भिंत रंगवताना शिडीची पायरी निसटली आणि तो खाली आपटला. भरपाई द्या आणि कारखाना बंद करा, असं त्याचं म्हणणं.

"शिडी तुमची का?" मध्यस्थ बाईंनी विचारलं.

वकील घसा खाकरतो तोवर सून बोलली, "आमचीच. मी केलेली."

"वहिनी!"

"थांबा भाऊजी. आमच्याकडे शिडी करणाऱ्याने स्वतः वर चढून, नाचून बघायचं, मगच ती दाराबाहेर जाते. मला तेव्हा सातवा महिना होता. ह्या आई चढू देईनात, आणि दुसऱ्या कुणाला चढवायचं राहून गेलं." ती रंगाऱ्याकडे वळली. "दादा, चूक आमची."

म्हातारीची मान आपोआप ताठ झाली. पोरीचा आवाज जरासुद्धा कापला नव्हता.

रंगारी सुनेकडे वळला. "मला वाटलं, मी पिऊन चढलो होतो म्हणाल."

"तेही म्हणणार होतो," वकील पुटपुटला.

रंगारी हसला, हसताना हात दुखून कळवळला. "औषधपाणी आणि बुडालेली मजुरी द्या, ताई. कारखाना राहू दे चालू. बंद केलात तर देणार कुठून?"

बाईंनी तसं लिहून घेतलं. मालकीण म्हणून म्हातारीने सावकाश, अक्षर अक्षर जुळवत सही केली आणि पेन भाच्यापुढे धरलं.

"नवे कागद तयार कर. कारखाना हिच्या नावावर."

"आत्या! हातची केस घालवली, आणि वर बक्षीस?"

"केस तुझी गेली रे," म्हातारी नातवाला खांद्यावर घेत म्हणाली. "चल गं मालकीणबाई, कामं पडलीत."