बाहेरची लेन

शाळेच्या क्रीडा दालनात आज तिचा फोटो लागणार होता. फ्रेमवर निळा पडदा, खाली सोनेरी अक्षरं: कॉलेजात चारशे मीटरचा विक्रम, विद्यापीठाची तीन सुवर्णपदकं, आणि शेवटी, 'याच मैदानाने घडवलेली'.

ती ओळ वाचून तिने लेकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "बघ गं, कुणी घडवलं म्हणे मला." सात महिन्यांच्या लेकीने उत्तरादाखल ओढणीचं टोक तोंडात घातलं.

"आज तरी गप्प बस," आई कानाशी म्हणाली. "मान घ्यायला आलोय, भांडायला नाही."

"कोण भांडतंय?"

ही असं म्हणाली की पुढे काय होतं, ते आईला चांगलं ठाऊक होतं.

पडदा उघडण्याआधी मुलींची शर्यत होती, मैदानाला एक पूर्ण फेरी. पहिल्या दोघी जिल्ह्याच्या संघात जाणार. झेंडी पाहुणीने दाखवायची. ती झेंडी घेऊन रेषेपाशी गेली आणि थबकली.

सहाही मुली एकाच सरळ रेषेत उभ्या होत्या. सगळ्यात बुटकी आतल्या लेनमध्ये, मग प्रार्थनेच्या रांगेसारख्या चढत्या उंचीने एकेक, आणि पार बाहेर, सहाव्या लेनमध्ये, एक ताडमाड पोरगी गुडघे चोळत. पंधरा वर्षांपूर्वी तिथे ती स्वतः असायची. 'शिडी' म्हणायचे तिला. दर वर्षी चौथी यायची आणि खेळाचे सर प्रगतिपुस्तकात लिहायचे: उंची आहे, वेग नाही.

कॉलेजात पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांनी सहावी लेन दिली, तेव्हा ती सवयीने आतल्या मुलीच्या बरोबरीने, पार मागे जाऊन उभी राहिली होती. "अगं, तुझी रेघ ती तिकडे पुढे," ते हसत म्हणाले होते. "बाहेरचं वळण मोठं पडतं. एवढं अंतर कुणाला दान देतेस?" त्या दिवशी वसतिगृहाच्या न्हाणीघरात नळ सोडून ती रडली होती.

"दाखवा झेंडी," सर म्हणाले. केस पांढरे झाले होते, शिटी तीच होती.

"सर, या बाहेरच्या मुलीला एकतीस मीटर जास्त पळावं लागेल."

"फेरी एकच आहे, सगळ्यांना सारखीच. इतकी वर्षं अशीच घेतोय."

"म्हणून तर सांगतेय."

"एकीला पुढे उभी करायची? पालक काय म्हणतील?"

"मग आपण दोघं चालून बघू. तुम्ही बाहेरून, मी आतून, बाळाला घेऊन. बरोबर निघू. मी पोचून हिला पाजून होईल, मग तुम्ही या सावकाश."

मैदानाकडेच्या मंडपात खसखस पिकली. सरांचे कान तापले. "तुम्ही पाहुण्या आहात. झेंडी दाखवायची तेवढी दाखवा."

"नाही दाखवणार." झेंडी तिने काखेत मारली. "फोटोही राहू दे पडद्याआड."

मुख्याध्यापिका खुर्चीतून उठून आल्या. त्यांनी एकदा बाहेरचं वळण पाहिलं, एकदा आतलं. "मोजा," त्या म्हणाल्या.

लेक आईकडे देऊन तिने फक्कीचं घमेलं उचललं. प्रत्येक लेनला आधीच्या रेघेपुढे सहा ढांगा आणि वर एक वीत. ठेवणीतली ओढणी फक्कीत लोळली. मागे लेकीने भोंगा पसरला, तशी हिची छाती भरून आली, कुडता ओला झाला. तरी सहावी रेघ तिने पूर्ण ओढली.

ताडमाड पोरगी नव्या रेघेवर आली, मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं आणि ओशाळून पाऊल मागे घेऊ लागली.

"मागे नको सरकूस," ती म्हणाली. "कुणी मेहेरबानी करत नाहीये तुझ्यावर. ही तुझीच जागा आहे."

झेंडी खाली आली.

पोरगी दुसरी आली, पहिलीच्या अगदी खांद्याला खांदा लावून. सरांनी घड्याळ दोनदा पाहिलं, मग पेन उघडलं आणि यादीत तिचं नाव लिहिलं.

ती खुर्चीत बसून लेकीला ओढणीआड पाजत होती. "ती 'घडवलेली'ची ओळ काढा," तिने मुख्याध्यापिकांना सांगितलं. "त्याऐवजी लिहा, 'शाळेत तीनदा चौथी'. मग उघडते पडदा."

"गप्प बस म्हटलं होतं ना तुला," आई पुटपुटली.

"बसले होते की, आई. आठवी ते दहावी."