तिच्या मशीनमधली पट्टी

नवरा गेल्यापासून सहा वर्षं धाकटीचं घरातलं स्थान एका खुर्चीवर टिकून होतं. छापखान्याच्या मागच्या खोलीत, कागदाच्या गठ्ठ्यांकडे पाठ करून, ती संगणकावर शाळेच्या पुस्तकांची पानं लावत बसे. पण गेले तीन आठवडे तिचा संगणक भर कामात मान टाकत होता. मध्येच पडदा निळा होई. नाहीतर काल जपून ठेवलेलं पान आज उघडावं, तर निम्म्या ओळींत नुसते चौकोन.

"मशीनला बोल लावू नकोस," मोठे दीर म्हणाले. छापखाना त्यांचा आणि घरातला शेवटचा शब्दही त्यांचाच. "तुझंच लक्ष कुठे असतं, देव जाणे. सोमवारपासून माझी सून बसेल तिथे. तू स्वयंपाकघर बघ."

"भाऊजी, दुरुस्तीवाल्यांना एकदा नीट तपासू द्या."

"दोनदा येऊन गेला. काय दिवे लावले?"

तरी तिने शुक्रवारी सकाळी आपणच फोन करून दुरुस्तीवाल्याला बोलावलं आणि त्याच्यासमोर वही ठेवली. संगणक कधी बंद पडला, तेव्हा कोणतं पान उघडं होतं, सगळं तारीखवार लिहिलेलं. त्याने उभ्याउभ्याच वाचलं.

"वहिनी, हे आधी का नाही दाखवलंत?"

"तुम्ही मला विचारलंच नाही. दोन्ही वेळा भाऊजींनाच विचारलंत."

तो ओशाळून हसला. "नुसत्या मजकुराच्या पानांना काही होत नाही. चित्रांची पानं उघडली की कोसळतंय. म्हणजे मेमरी भरत गेली की घोळ. आणि मी मागच्या खेपेला तपासणी दहा मिनिटांत गुंडाळली. वरवरचं तेवढं पाहिलं."

या वेळी त्याने घाई केली नाही. तपासणी लावली आणि दोघं पडद्याकडे बघत बसली. बराच वेळ सगळं सुरळीत, आणि मग एकदम लाल ओळी, एकीखाली एक. त्याने संगणकाची पेटी उघडली. आत रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या होत्या. एक काढली, दुसरीवर पूर्ण फेरी चालवली: एकही चूक नाही. मग चांगली काढून पहिली लावली: पुन्हा लाल. तीच पट्टी शेजारच्या खाचेत बसवली, तरी लालच.

"खाचेचा दोष नाही. पट्टीच खराब," तो म्हणाला. धाकटीने नकळत हात जोडले.

त्याने पट्टी उजेडात उलटी केली आणि डोळ्यांजवळ धरली. तिच्यावर निळ्या शाईची फुली होती.

"काय झालं?"

"ही फुली माझ्या हातची आहे. महिन्यापूर्वी ही मीच साहेबांच्या संगणकातून काढली. त्यांना सांगितलं होतं, टाकून द्या."

दीर दारातच उभे होते. ते अजिबात गडबडले नाहीत.

"मीच बसवली. मोकळी खाच होती हिच्या मशीनला. चांगली वस्तू कशाला टाकायची? हिचं काम काय, टायपिंगच तर आहे."

"आणि तीन आठवडे मला बोलत होतात ते?" धाकटीचा आवाज चढला नाही. तिला आवाज चढवता येतच नसे.

"अगं, माझ्या डोक्यातच आलं नाही. मुद्दाम केलं का कुणी? आता झालं ना बरं? मग उगाळत कशाला बसायचं?"

तिला वाटलं, आता तरी ते म्हणतील, सोमवारचं राहू दे. दुरुस्तीवाल्यालाही तसंच वाटलं असावं. तो उगीच स्क्रू पुसत थांबला होता.

"बरंच झालं म्हणायचं," दीर वळता वळता म्हणाले. "नाहीतर सुनेला पहिल्याच दिवशी हा मनस्ताप. आता नीट मशीन मिळेल पोरीला."

दुरुस्तीवाल्याने पिशवी उचलली. त्याला पुढची कामंही याच छापखान्यातून मिळायची होती.

सोमवारी सून आली, खुर्ची ओढून बसली. पोर मनाने वाईट नव्हती. "काकू, मला काहीच येत नाही हं. सगळं दाखवाल ना?"

धाकटी तिच्या मागे उभी राहिली. समास कसा धरायचा, चित्राचं पान उघडण्याआधी आधीचं काम का जपून ठेवायचं, जोडाक्षर तुटलं तर कुठे बघायचं, सगळं तिने सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही. लपवावीशी मात्र प्रत्येक वेळी वाटली.