मागच्या दाराचा लोखंडी जिना

मी एक जुना लोखंडी जिना आहे, मित्रांनो. एका तीन मजली घराच्या मागच्या भिंतीला बिलगून उभा आहे. रोजची ये-जा पुढच्या लाकडी जिन्याने होते. मी आपला अडीअडचणीसाठी. उद्या मला कापून नेणार आहेत, म्हणून आजच बोलून घेतो.

माझा मालक मुळात शिंपी. मशीनवर पाठ मोडून त्याने आणि मालकीणबाईंनी पैसे साठवले आणि हे घर घेतलं. तळाशी गादीवाल्याचं दुकान, वर भाडेकरू. सुरुवातीला मालक स्वतः ब्रश घेऊन मला रंग लावायचा. कठड्याचा एकेक गज हलवून बघायचा. पाहुणे आले की कौतुकाने मला दाखवायचा. मी लोखंडाचा असलो तरी फुलून जायचो!

भाड्याच्या उत्पन्नातून दुसरं घर आलं, त्याच्या जिवावर तिसरं, मग चौथं. शिलाई मशीन अडगळीत गेलं. मालकाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आला. मी त्याला वाईट म्हणणार नाही. लेकीला शिकवायचं होतं, म्हातारपणी कुणापुढे हात पसरायचा नव्हता. पण घरं वाढली तसं त्याचं इकडे लक्ष कमी झालं. माझ्या रंगाचे पोपडे निघाले, गंज आत शिरला.

मग एक दिवस त्याला वाटलं, वरच्या मजल्यावरचा बोळ उगाच रिकामा पडलाय. प्लायवूड ठोकून त्याने तिथे खोली काढली आणि एका निवृत्त पोस्टमनला भाड्याने दिली. माझ्याकडे उघडणारं दार नेमकं त्याच खोलीत गेलं. भाडेकरू परस्पर माणसं आणून ठेवतील, या धास्तीने मालकाने त्या दाराला बाहेरून कुलूप ठोकलं.

मालकीणबाई माझ्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, उद्या काही झालं तर ही माणसं उतरणार कुठून?"

इतक्या वर्षांत काही झालंय का, असं म्हणून मालकाने विषय उडवून लावला.

झालं ते भर दुपारी. पोस्टमनकाकांना ताप होता, म्हणून मालकीणबाई औषध घेऊन वर गेल्या होत्या. शेजारच्या खोलीतली नर्सताई दवाखान्यातली सकाळची पाळी संपवून नुकतीच परतली होती. बाकी सगळे कामावर. खाली गादीवाल्याच्या दुकानात वायर जळाली आणि कापसाने पेट घेतला. गादीवाला कसाबसा बाहेर पळाला. धूर पुढच्या जिन्याने सरळ वर चढला. तिघंही धावत माझ्या दाराशी आली. दार हलेना.

मालक मागच्या बाजूने धावत आला आणि माझ्यावर चढू लागला. भिंतीतले माझे खिळे सैल झालेले मला कळत होते. मी जीव मुठीत धरून उभा राहिलो. दाराशी येऊन त्याने जुडगा काढला. चार घरांच्या, साऱ्या खोल्यांच्या किल्ल्या! एक लागेना, दुसरी लागेना. फटीतून धूर येऊ लागला. घाईत लावून झालेलीच किल्ली तो पुन्हा लावत होता.

आतून खोकल्याच्या उबळीतून मालकीणबाईंचा आवाज आला. "घाबरू नका. सावकाश लावा. आम्ही आहोत अजून."

अखेर किल्ली लागली, पण गंजलेलं कुलूप फिरेना. मालक कठड्यावर कोसळला, तसा माझा एक गज निखळून त्याच्या हातात आला. तोच त्याने कडीत घातला आणि सगळं अंग टाकून दाबला. कोयंडा तुटला. दार उघडलं.

आधी नर्सताई उतरली, मग मालकीणबाई. पोस्टमनकाकांना पाठीवर घेऊन मालक निघाला. मधली पायरी त्याच्या पायाखाली मोडली, लोखंड पोटरीत घुसलं, पण त्याने ओझं सोडलं नाही. ते दोघं जमिनीवर टेकले तेव्हा माझा वरचा भाग भिंतीपासून सुटून लोंबकळत होता.

कुणाचा जीव गेला नाही. मालक बराच काळ अंथरुणावर होता. पाचव्या घराचा व्यवहार ठरत आला होता, तो त्याने मोडला आणि पैसा या घरांच्या डागडुजीला लावला. बोळातलं प्लायवूड निघालं. पोस्टमनकाकांना दुसऱ्या घरात तळमजल्याची खोली मिळाली, तेवढ्याच भाड्यात. माझी दुरुस्ती होणार नाही, असं वेल्डरने सांगितलं. नवा जिना येतोय. मला त्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, मोठे झालात की खुशाल घरं घ्या, भाड्याने द्या, चार पैसे गाठीला बांधा. पण भाडं घ्यायला जाल तेव्हा मागच्या बाजूलाही जा. ते दार स्वतः उघडून बघा आणि त्या जिन्याने एकदा खालपर्यंत उतरून या. तुमच्या भरवशावर तिथे कुणीतरी निर्धास्त झोपलेलं असतं.