एक शॉकअप पुढं, एक मागं

मित्रांनो, आमच्या छगनरावांना देवानं डोळे दिले, पण ते आरशात बघण्यापुरतेच. गाडीच्या पोटाखाली त्यांनी जन्मात एकदा नजर टाकली आणि तेवढ्यात आमचा घात केला.

मी एक जुना शॉकअप आहे. मोटारीच्या मागच्या चाकापाशी असते ना, तेलानं भरलेली लोखंडी नळी, तो मी. चाक खड्ड्यात आदळलं की हिसका मी पोटात घेतो. कमानपाटे उसळले की त्यांना आवरतो. लोक रंगाचं कौतुक करतात, हॉर्नचं करतात. माझ्या वाट्याला चिखल.

माझा जन्म अमेरिकेतला. आमची गाडी लाल, लांबलचक, आठ सिलिंडरांची. पाय दाबला की रानडुकरासारखी सुटायची. एवढ्या जोरानं मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा दांडा, पिळवटतो आणि चाकं टणाटण उडायला लागतात. म्हणून बनवणाऱ्यांनी आम्हा दोघा भावांना मुद्दाम वेगळं बसवलं. मी अ‍ॅक्सलच्या पुढं, धाकटा मागं. मारका बैल बाजारात नेताना एक गडी पुढून कासरा धरतो आणि एक मागून, अगदी तसं.

मुंबईच्या एका परदेशी वकिलातीतल्या साहेबानं आम्हाला बोटीतून आणलं. एकाहत्तर साली साहेब मायदेशी गेला, गाडी लिलावात निघाली, आणि राहुरीकडच्या ऊसवाल्या छगनरावांनी ती घेतली. त्यांच्या आई केशरबाईंनी मागच्या चाकापाशी नारळ फोडला. पाणी माझ्या अंगावर उडालं. माझी पूजा झाली ती तेवढीच, तीही चुकून.

पुढच्या शिमग्याआधी गाडी नगरला सूर्यभान मिस्त्रीच्या गॅरेजातल्या खड्ड्यावर गेली. छगनराव खड्ड्यात उतरले, वर बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"मिस्त्री, हे काय? एक फुडं, एक मागं?"

"कंपनीचंच हाय, मालक. बनवनारा येडा नसंल."

"येडाच हाय! बैलजोडीत एक बैल फुडं अन् एक मागं जुपत्यात का? दोनी एका वळीत घे."

"जू बी लावू का मग?" मिस्त्री हसला. पण गिऱ्हाइकापुढं त्याचं काय चालणार? त्यानं नव्या पट्ट्या वेल्डिंगनं जोडल्या आणि मला मागं, धाकट्याच्या ओळीत नेऊन टांगलं. छगनराव खूश. जोडी सरळ दिसत होती ना!

घरी आल्यावर त्यांनी मिजाशीत पाय दाबून गाडी उचलली. मागची चाकं टणटण उडाली.

"छगन्या, मागनं काय उडतंय?" केशरबाई आतून ओरडल्या.

"रस्ता खराब हाय, आई."

गाडी अजून अंगणातच होती.

त्या दिवसापासून माझ्या पोटातलं तेल थंड पडलं. तशातच रंगपंचमीला सगळी मढीला, कानिफनाथांच्या यात्रेला निघाली. केशरबाईंचा नातू नवसाचा, म्हणून नावही कानिफनाथ. त्याला देवाच्या पायावर घालायचं होतं. जाताना करंजीचा घाट उतरायचा होता, इंजिनाला जोर नव्हता, म्हणून कुणाला काही कळलं नाही. मला मात्र दिवसभर एकच दिसत होतं. येताना हाच घाट चढायचा आहे. यात्रेत ढोल वाजत होते, रेवड्या वाटल्या जात होत्या, गाढवांचा बाजार भरला होता, आणि मी गाडीखाली धास्तावून लटकलो होतो. सांगणार कुणाला? आम्हाला तोंड नाही.

आणि तेच झालं. परतताना वळणावर यात्रेकरूंच्या बैलगाड्या अडल्या होत्या. आमची गाडी चढावर थांबली. वाट मोकळी झाली तसा छगनरावांनी इंजिनाचा सगळा जोर सोडला. अ‍ॅक्सल पिळवटला. चाकं उडाली, आदळली, पुन्हा उडाली. आम्ही दोघंही मागं. पुढून धरणारं कुणीच नव्हतं. कड् करून माझी पट्टी तुटली. गाडीचं ढुंगण दरीकडं सरकू लागलं. छगनरावांनी ब्रेक दाबला, तरी खडीवरून चाक घसरतच होतं. धाकटा एकटा कण्हत होता. चाकाखालची माती खाली पडताना ऐकू येत होती, तळाशी पोचताना मात्र ऐकू येत नव्हती.

कडेच्या दगडाला टेकून चाक थांबलं. गाडीवाल्यांनी धावत येऊन मागं धोंडे लावले. सून मुक्ताबाई उतरल्या, केशरबाई उतरल्या. मुक्ताबाईंच्या पदरातल्या पोराचा आवाज येईना. मग त्यानं टाहो फोडला, आणि एवढं गोड रडणं मी आजवर ऐकलेलं नाही.

आता सूर्यभान मिस्त्रीनं मला माझ्या जागी, पुढं बसवलं आहे. पण चढ दिसला की अजून थरथरतो. मित्रांनो, गाडी खालून काही सांगू लागली की तिचं ऐका. रस्त्यावर खापर फोडू नका. वाकडं दिसतं ते सरळ करण्याआधी, ते तसं का आहे, हे कुणाला तरी विचारा.

त्या दिवशी घाटात केशरबाईंनी वाकून माझ्याकडं पाहिलं. तुटून लोंबकळणारा मी, शेजारी धाकटा. मग नातवाला छातीशी धरून त्या लेकाकडं वळल्या.

"छगन्या, मागं मढीला गाढवांचा बाजार अजून उठला नसंल. जा, हुबा ऱ्हा तिथं. पर तुला कोन घेनार न्हाई. गाढवाला निदान ठावं असतं, आपल्या पाठीवर काय हाय ते."